घाई नेमकी कुणाला?

आमच्या केंद्रावर सोळा वर्षांची एक मुलगी येते. अकरावीत आहे. कॉलेज सुटलं की वस्तीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेते. तिला नर्स व्हायचंय, नोकरी धरायचीय, मग आईला त्या घरातून बाहेर काढायचंय. कोणत्या वर्षी काय करायचं, सगळं वहीत लिहून ठेवलंय. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, जरा दमानं घे. मोठं व्हायला आयुष्य पडलंय."

ती म्हणाली, "ताई, बारावी झाली की मला बघायला येणार आहेत. तेव्हा मला अठराही पूर्ण नसतील. माझ्याकडं दीडच वर्ष आहे."

मी गप्प बसले. वर्षानुवर्षं चळवळीत काम करूनही मी तिला तेच सांगत होते, जे तिची आजी सांगते. मुलगा असा धडपडला तर तो जिद्दी, आणि मुलगी धडपडली की आगाऊ!

खरं तर घाई तिला नाहीच, घाई आहे घरच्यांना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी उरकलं, तेव्हाही घाई त्यांची नव्हती. नांदायला जाणार नाही, त्यापेक्षा तुरुंगात जाईन, असं त्यांनी १८८७ साली ठणकावलं आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या.

आजही पुष्कळ मुलींना मोठं होण्याचा एकच दरवाजा दिसतो, तो म्हणजे लग्न. आईबाप ठरवतात ते, नाहीतर पळून जाऊन केलेलं. काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतली एक मुलगी सतराव्या वर्षी एका मुलाबरोबर निघून गेली. तो २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली कोठडीत, ती बालगृहात. आम्ही बैठकीत चर्चा केली ती 'मुलगी कुठे चुकली' याची. तिच्यापुढे दुसरा कोणता दरवाजा आम्ही उघडा ठेवला होता, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, मुलींना धीर धरायला सांगण्याआधी त्यांना वेळ मिळवून देऊ या. दहा वर्षांवरच्या मुलीला स्वतः चालवता येईल असं बँकेचं खातं काढता येतं, ते काढून देऊ. जन्मदाखला, गुणपत्रिका यांच्या प्रती तिच्याजवळ असतील असं पाहू. वसतिगृहाचे अर्ज निकालाआधीच आणून ठेवू. १०९८ हा नंबर तिला पाठ हवा. आणि २००६ च्या कायद्यानं बालविवाह झालेल्या मुलीला वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तो विवाह न्यायालयातून रद्द करून घेता येतो, हे प्रत्येक शिबिरात सांगू. लग्न झालं म्हणजे सगळं संपलं, असं तिला वाटायला नको.

परवा मी तिच्या आईला भेटले. ती आधी काहीच बोलेना. मग म्हणाली, "माझं पंधराव्या वर्षी झालं. मला कुणी विचारलंच नाही." पुढच्या रविवारी ती मुलीच्या वडिलांना घेऊन येणार आहे. ते काय म्हणतील, ठाऊक नाही. पण मुलीला 'दमानं घे' असं मी पुन्हा म्हणणार नाही. दमानं घ्यायला सांगायचंच असेल, तर ते तिच्या वडिलांना सांगेन.