रांधणाऱ्यानेही पंगतीला बसावं

फ्रेंच जेवण म्हटलं की आपल्याला आठवतं ते महागडं हॉटेल, उच्चारता न येणारी नावं आणि भल्या मोठ्या ताटात मधोमध चमचाभर पदार्थ. त्यामुळे ‘शनिवारी रात्री मी फ्रेंच जेवण करणार’ असं घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “कर की! पण मी दोन भाकऱ्या थापून ठेवते. रात्री भूक लागली तर?”

मी केली रातातुई. दक्षिण फ्रान्समधल्या नीसकडची ही साधी घरगुती भाजी. २००७ सालच्या, उंदीर स्वयंपाकी असलेल्या सिनेमामुळे तिचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वांगी, ढोबळी मिरची, कांदे आणि झुकिनी वेगवेगळ्या तेलात परतायच्या, मग लसूण-टोमॅटोबरोबर एकत्र करून मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यायच्या. झुकिनी मिळाली नाही, म्हणून मी कोवळा दोडका घातला. मीठ, मिरपूड, एक तमालपत्र; बाकी मसाला नाही. सुरुवातीला गाजराचा कीस, त्यावर लिंबू आणि तेल. फ्रेंच घरांत हा नेहमीचा पदार्थ. आपली कोशिंबीरच म्हणा ना! शेवटी दह्याची वाटी, कारण तिकडेही रोजच्या जेवणाअखेर दही किंवा फळ खातात. सोबत बेकरीतला पाव.

पण मला सांगायचंय ते पुढचं. त्या रात्री आई आमच्याबरोबर जेवायला बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली.

एरवी आम्ही ताटावर आणि ती तव्यापाशी. “बसा, गरम वाढते,” म्हणत तिची पाळी येते ती आमचे हात धुऊन झाल्यावर. याला आपण माया म्हणतो. माया आहेच, पण ती रोज एकटीने जेवते हेही खरं आहे ना? रातातुई दुपारीच करून ठेवता येते. कोमट काय, गारसुद्धा चांगली लागते. पाव कापला की झालं. चुलीपाशी कुणाला उभंच राहावं लागत नाही. म्हणजे कोण बसणार आणि कोण उभं राहणार, हे बऱ्याचदा आपण काय रांधतो त्यावर ठरतं.

२०१० साली युनेस्कोने फ्रेंचांच्या जेवणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तो मान एखाद्या पदार्थाला नव्हता. सणासमारंभाला एकत्र बसून, एकामागून एक पदार्थ चवीने खाण्याच्या रीतीला होता. आपण उचलावं ते हे. चीज आणि ऑलिव्ह तेल नसलं तरी चालेल.

कुणी म्हणेल, फ्रान्समध्ये तरी घरचा स्वयंपाक कोण करतं? जास्त करून बायकाच. कबूल. म्हणूनच नुसता पदार्थ बदलून भागणार नाही. भाज्या चिरायला आणि भांडी घासायला आपणही उठायला हवं. भाकरी सोडा असंही मी म्हणत नाही. आठवड्यातून एक रात्र तरी असं रांधू या, की रांधणाऱ्यालाही पंगतीला बसता येईल.

आणि त्या दोन भाकऱ्या? रविवारी सकाळी उरलेल्या रातातुईबरोबर आम्ही दोघांनी एकेक खाल्ली. आई म्हणाली, “थोडं तिखट हवं होतं.” बसूनच म्हणाली.