चित्रकलेचा तास कुणी खाल्ला?

माझ्या भाचीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्या वर्गाचं वेळापत्रक आहे, तिनेच पट्टी लावून आखलेलं. इयत्ता चौथी, इंग्रजी माध्यम. शाळेचं नाव अरबी, चालवणारे आपल्याच मोहल्ल्यातले. इंग्रजी रोज, गणित रोज, मग कॉम्प्युटर, उर्दू, दीनियात, ईव्हीएस, आणि मराठी आठवड्यातून दोनदा. चित्रकला शोधली, नव्हती. खेळाचा तास सापडला. शनिवारी शेवटचा, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: फक्त मुलगे.

“मग त्या तासाला तुम्ही मुली काय करता गं?”

“बैठते,” ती म्हणाली आणि पान उलटलं.

तिला यात काही वेगळं वाटलंच नाही, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक अदबीने बोलले, चहाही मागवला. म्हणाले, “बाजी, पालकच नको म्हणतात. चित्रात जानदार चीजा येतात. आणि सिलॅबस एवढा मोठा, वेळ कुठून आणायचा?” मुलींच्या खेळाचं विचारलं तर त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मैदान नाही, गल्ली आहे, गल्लीत मुली कशा पळणार? मग गल्लीत मुलगे कसे पळतात, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. चहा त्यांचा पीत होते, म्हणून गिळला. आज इथे लिहिते आहे.

दोस्तांनो, हमीद दलवाईंच्या काळापासून आपण माध्यमावर भांडतोय. उर्दू की मराठी? आता तिसरी बाजू इंग्रजीची. भांडण खोटं नाही, पण त्याच्या आवाजात एक साधा प्रश्न कुणाला ऐकूच येईना: त्या माध्यमातून पोराला शिकवतात काय? पालकसभेत आपली माणसं फी विचारतात, गणवेश विचारतात, “इंग्लिशमध्ये बोलायला लागेल ना?” विचारतात, “नमाज शिकवता ना?” विचारतात. परिसर अभ्यासाच्या तासाला या महिन्यात काय केलं, हे विचारणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. आईला तर सभेत मागच्या बाकावर बसवतात.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर अर्धे वाचक इथूनच परत जातील. माझं भांडण दीनियातशी नाही. मी स्वतः फजरनंतर मकतबला जात होते. ज्या खालांनी मला नाजरा शिकवला त्यांची मी आजही एहसानमंद आहे. पण मकतब सकाळचं होतं आणि शाळा दुपारची. एकाने दुसऱ्याचा तास खाल्ला नव्हता. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायला सांगतो. त्या ८०० तासांतून एक तास काढून घेतला की तो पोराच्या खिशातूनच जातो.

आता चित्रकलेचंच घ्या. ज्यांना चित्रकला म्हणजे डोंगर, झोपडी आणि मधून उगवणारा सूर्य एवढंच वाटतं, त्यांना तो तास फुकटचा वाटणारच. पण ज्या पोराचा हात कागदावर मोकळा फिरला नाही, ते तिसरीत जिल्ह्याचा नकाशा कसा काढणार? पुढे विज्ञानात पचनसंस्थेची आकृती कशी काढणार? माझ्या रविवारच्या अभ्यासवर्गात सहावीचा एक मुलगा येतो. पाठांतर पक्कं आहे, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं धडाधड सांगतो. ‘काढून दाखव’ म्हटलं की पेन्सिल हातात धरून बसतो. कुठलं कशाच्या खाली येतं, ते त्याने कधी मनात पाहिलेलंच नाही.

आणि जानदार चीजांचं म्हणाल, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचं हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतलं, सोळाव्या शतकातलं, फारसी. त्यात सुलतान आहे, त्याची बेगम आहे, दासी आहेत, रंगांनी भरलेल्या. तो दरबार मुसलमानांचाच होता. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं, तेही आपलेच. बरं, एखाद्या घराला नसतील चालत माणसं-जनावरं, तर नका काढू. वेली काढा, जाळी काढा. कंपासने वर्तुळ घेऊन आठ टोकांची चांदणी काढायला शिकवा. ती चांदणी काढताना पोरगी अर्धं भूमिती शिकून जाईल. पण तासच रद्द करायचा आणि नाव शरियतचं घ्यायचं? तिथे खरं कारण पगाराचं असतं. चित्रकलेचा शिक्षक परवडत नाही, हे सांगायला लाज वाटते, म्हणून मधे धर्म आणायचा.

भाषेचंही असंच. आपलं सात वर्षांचं पोर एकाच दिवसात तीन लिप्या हाताळतं. उर्दू-अरबी उजवीकडून, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. घरी बोलणं चौथंच, दखनी. जगात फार थोड्या मुलांच्या वाट्याला ही श्रीमंती येते. पण आपण तिचं ओझं करून ठेवलंय. चारही ठिकाणी त्याला फक्त उच्चार येतो, अर्थ एकाही ठिकाणी लागत नाही. मराठी सक्तीचा कायदा २०२० साली आला, म्हणून वेळापत्रकात दोन तास टाकले. त्या दोन तासांत पोरं फळ्यावरचं उतरवून घेतात. एस.टी.ची पाटी, रेशनच्या दुकानातला फलक, दवाखान्यातली चिठ्ठी वाचता येते का, हे कुणी बघत नाही.

गणित म्हणजे पाढे. अरे, निम्म्या वर्गाचे बाप भंगारचा काटा चालवतात, शिलाई करतात, फर्निचर करतात. ज्या घरात इंच आणि सूत बोलण्यात आहे, त्या घरातल्या पोराला अपूर्णांक अवघड जातो? जकात चाळिसावा हिस्सा असते, हे त्याने मकतबमध्ये ऐकलेलं असतं. गणिताच्या बाईंनी तेवढा एक धागा उचलला तरी शेकडेवारीचं दार उघडेल. उचलत नाहीत, कारण मकतबची भिंत वेगळी आणि शाळेची वेगळी. ईव्हीएसची तर कमालच. पहाटे पाचला उठून आईबरोबर नळावर हंडे लावणारी मुलगी वर्गात येऊन पाण्याचे स्रोत इंग्रजीतून पाठ करते. तिच्या नळाला पाणी कुठून येतं आणि एक दिवसाआड का येतं, हा त्या धड्यातला खरा प्रश्न होता.

आता चौथीचा इतिहास. यावर आपण घरात कुजबुजतो, बाहेर बोलत नाही.

महाराष्ट्रात चौथी म्हणजे शिवाजी महाराज. आपण वाचले, आपल्या आई-बापांनी वाचले. माझा भाऊ मराठी शाळेत होता. चौथीच्या स्नेहसंमेलनात प्रतापगडाचा प्रसंग बसवला. भूमिका वाटताना बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि अफजलखानाला माझा भाऊ उभा केला. नाव शोभतंय म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही मानते. पण पुढचा महिनाभर मधल्या सुट्टीत पोरं त्याच्या पोटात बोटं खुपसत होती. त्याने घरी सांगितलं नाही. मला कळलं ते बारा वर्षांनी.

आणि आता माझ्या अभ्यासवर्गात एक मुलगी विचारते, “आपा, अफजलखान अपना था क्या?”

बघा, एका बाजूला ही शाळा पोराला खानाचा अंगरखा घालते. दुसऱ्या बाजूला आपल्या काही शाळा तो भाग घाईघाईने उरकतात, ‘वाचून घ्या घरी’. दोघांचं म्हणणं शेवटी एकच होतं, की हा इतिहास तुझा नाही. मी त्या मुलीला पुस्तक उघडायला लावलं. प्रतापगडाच्या भेटीला महाराजांनी निवडक दहा माणसं बरोबर नेली, त्यांत सिद्दी इब्राहीम होता. खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. मावळातला खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, आणि १६६५ साली पुरंदरावर औरंगजेबाची फौज घेऊन आला तो मिर्झाराजे जयसिंग. मी तिला म्हटलं, आता तूच सांग, कोण कुणाचं? ती बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, “मतलब नौकरी थी सबकी.” चौथीतल्या पोरीने काढलेला हा निष्कर्ष टीव्हीवर ओरडणाऱ्या कितीतरी माणसांना अजून निघालेला नाही. तिला तो काढता आला, कारण कुणीतरी तिला धडा टाळू दिला नाही आणि धड्याला घाबरूही दिलं नाही.

आपल्या जलशांत स्टेजवरून अल-ख्वारिझ्मीचं नाव घेतात, इब्न सिनाचं घेतात. मला तेव्हा फार राग येतो. इब्न अल-हैसमने अंधाऱ्या खोलीत भोकातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. तो प्रयोग चपलांच्या रिकाम्या खोक्यात चौथीचं पोर करू शकतं. एक खोका, एक टाचणी, एक बटर पेपर. गेल्या दहा वर्षांत मोहल्ल्यातल्या कुठल्या शाळेने तो केला, दाखवा. हजार वर्षांपूर्वीच्या नावांवर छाती फुगवायची आणि वर्गात प्रयोगाचा तास उडवून त्या जागी टेस्ट पेपर घ्यायचा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय, की मूल सर्वांगाने वाढावं, कृतीतून आणि शोधातून शिकावं, भीतीशिवाय शिकावं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून वगळल्या. संविधानाच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या शाळा चालवायचा हक्क दिला, तो मोलाचा आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण तो हक्क पोरांना जास्त देण्यासाठी आहे. त्याच्या आडोशाला मुलींना शनिवारी शेवटच्या तासाला बसवून ठेवण्यासाठी नाही.

आणि ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत आहेत, मराठी असो की उर्दू, त्यांच्या हातात तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, हा कायदा आहे. माझ्या ओळखीच्या एक चाची तिच्या सदस्य आहेत. रजिस्टर घरी येतं, त्या सही करतात, रजिस्टर परत जातं. समितीत आहोत म्हणजे नक्की काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुमच्यातले जे बी.एड. झालेत, एम.ए. झालेत, दिवसभर मोबाइलवर कौमची चिंता करतात, त्यांनी एकदा आपल्या चाचीच्या शेजारी बसून ते रजिस्टर वाचावं.

भाचीच्या शाळेत मी मागच्या आठवड्यात अर्ज दिला. मराठीत, एक पान. तीन मागण्या: आठवड्याला एक तास चित्रकला, मुलींना खेळाचा तास, आणि चौथीचा इतिहास वर्गात वाचून, प्रश्न विचारू देऊन. खाली एकोणीस सह्या आहेत. त्यातल्या चौदा आयांच्या, दोघींचा अंगठा. एका वडिलांनी सही केली आणि संध्याकाळी फोन करून खोडायला सांगितली. मी खोडली, त्यांच्या बायकोची तेवढी राहू दिली, कारण तिने फोन केला नव्हता. मुख्याध्यापकांनी पोच दिली, शिक्का मारून. मैदानाचं काय, म्हणाले. मागच्या गल्लीतला शादीखाना सकाळी रिकामाच असतो, मी म्हटलं. ते ट्रस्टींना विचारणार आहेत.