मायक्रॉनच्या मुलखात अंदाजाची खरेदी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील वाहन-सुटेभागांच्या कारखान्यात कच्चा माल आला की तो आधी तपासणी विभागात जातो. पत्र्याची जाडी मोजली जाते, पुरवठादाराचे चाचणी प्रमाणपत्र पाहिले जाते आणि मगच माल भांडारात घेतला जातो. त्याच कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सुतारकामाच्या शेडमध्ये मात्र प्लायवूडचा तक्ता बहुधा रंग पाहून, बोटाने टिचकी मारून आणि दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून घेतला जातो. वाकड, रावेत, मोशी येथील नव्या सदनिकांत राहायला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती याहून वेगळी नाही. आयुष्यभराच्या कर्जावर घर घेणारा माणूस त्या घरातील लाकूडकामाचा खर्च मात्र 'चांगले प्लाय' एवढ्या दोन शब्दांवर सोपवून मोकळा होतो. चांगले म्हणजे काय आणि त्याचा रास्त भाव कोणता, हा प्रश्न विचारलाच जात नाही. भोसरी, तळवडे, चाकण या भागांत बर्च प्लायवूडची मागणी करणाऱ्या लहान कार्यशाळांना अलीकडच्या काळात हा प्रश्न टाळता येईनासा झाला आहे.

भूर्जाचे नवे नाते

बर्च म्हणजे भूर्ज. पोथ्या ज्याच्या सालीवर लिहिल्या गेल्या त्या हिमालयीन भूर्जाच्याच कुळातील हे झाड. प्लायवूडसाठी वापरला जाणारा भूर्ज मात्र रशिया, फिनलंड आणि बाल्टिक देशांच्या थंड अरण्यांतून येतो. त्याच्या प्लायवूडचे वैशिष्ट्य पृष्ठभागापेक्षा गाभ्यात अधिक आहे. सर्वसाधारण प्लायवूडमध्ये वरचा पापुद्रा एका लाकडाचा आणि आतले थर दुसऱ्याच, हलक्या लाकडाचे असतात. अस्सल बर्च प्लायवूडमध्ये सर्व थर भूर्जाचेच असतात आणि प्रत्येक थर सुमारे दीड मिलिमीटरचा असतो. त्यामुळे 18 मि.मी.च्या तक्त्यात 13 थर बसतात, 12 मि.मी.च्या तक्त्यात नऊ. तक्ता कापला की कडेवर समान, अखंड रेषा दिसतात. मध्ये पोकळी सापडत नाही.

औद्योगिक पट्ट्याला हे लाकूड हवे असते ते याच गुणामुळे. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे साचे बनविताना 18 मि.मी. बर्चच्या तक्त्यात लेसरने बारीक खाचा पाडून पोलादी पाती बसवितात. असा साचा हजारो वेळा दाबला जातो. आत एखादी पोकळी राहिली तर पाते तिथेच सैल होते आणि साचा वाया जातो. सीएनसी यंत्रावर कापलेले फर्निचर, लाकडी खेळणी, ध्वनिक्षेपकांच्या पेट्या यांतही कड उघडी ठेवायची असेल तर बर्चला पर्याय कमी आहेत. उलट, निर्यातीच्या खोक्यांसाठी, बंद कपाटाच्या पाठीसाठी किंवा वर सनमायका चढणार असलेल्या फळीसाठी बर्च मागणे हा पैशांचा अपव्यय ठरतो. रास्त भावाचा पहिला नियम दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच लागू होतो. कामापुरतेच लाकूड मागावे.

युद्धाची झळ

बर्च प्लायवूडच्या उत्पादनात रशिया जगात अग्रेसर होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर एप्रिल 2022 मध्ये युरोपीय महासंघाने रशियन लाकडाच्या आयातीवर बंदी घातली. त्याआधीच नोव्हेंबर 2021 मध्ये रशियन बर्च प्लायवूडवर अवपुंजनविरोधी शुल्क लावले गेले होते. तुर्कस्तान आणि कझाकस्तानमार्गे माल वळविला जात असल्याचे आढळल्यावर मे 2024 मध्ये ते शुल्क त्या देशांतून येणाऱ्या मालालाही लागू करण्यात आले. वनसंवर्धनाचे प्रमाणपत्र देणाऱ्या एफएससी आणि पीईएफसी या संस्थांनी मार्च 2022 मध्येच रशिया व बेलारूसचे लाकूड आपल्या साखळीबाहेर काढले.

भारताने अशी बंदी घातलेली नाही. त्यामुळे रशियन बर्च येथे कायदेशीररीत्या येऊ शकते आणि युरोपची बाजारपेठ गमावलेल्या गिरण्यांना आशियाई ग्राहक हवेच आहेत. स्थानिक बाजारासाठी काम करणाऱ्या सुताराला याचा लाभ होऊ शकतो. परंतु चाकणमधील एखादी कार्यशाळा युरोपीय ग्राहकाला लाकडी वस्तू पुरवीत असेल, तर तिला लाकडाचे मूळ विचारले जाणार हे निश्चित. प्रमाणपत्राविना घेतलेला स्वस्त तक्ता तेथे महाग पडतो. म्हणून निर्यातदाराने दराआधी देश, गिरणी आणि प्रमाणपत्र यांची लेखी माहिती मागणे हे व्यवहारज्ञान आहे, चिकित्सा नव्हे.

देशी प्लायची कहाणी

बर्च परवडत नाही म्हणून देशी प्लायकडे वळणाऱ्याने त्या उद्योगाची पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर ईशान्येकडील जंगलांवर अवलंबून असलेल्या प्लायवूड गिरण्यांना उतरती कळा लागली. उद्योगाचा भार शेतातल्या झाडांवर आला. हरियाणातील यमुनानगर पॉप्लर आणि निलगिरीच्या जोरावर, तर केरळमधील पेरुम्बावूर रबराच्या लाकडावर मोठे झाले. वरच्या पापुद्र्यासाठी लागणारे गर्जन म्यानमारहून येत असे. त्या देशाने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि गॅबनच्या ओकुमेचा वापर वाढला.

यात वाईट काही नाही. शेतात वाढविलेल्या लाकडाचे प्लाय जंगल वाचविते आणि नीट बनविले तर उत्तम टिकते. अडचण होते ती आतला थर कच्चा, ओला किंवा तुकडे जोडून बसविलेला असतो तेव्हा. वरचा लालसर, देखणा पापुद्रा हे सारे झाकून टाकतो. 'मरीन', 'गर्जन', '710' हे शब्द छापायला शाईखेरीज काही लागत नाही. त्यातच फर्निचरच्या व्यवहारात प्लाय निवडतो एक आणि पैसे मोजतो दुसरा. काही उत्पादक व विक्रेते सुताराला किंवा सजावटकाराला कूपन अथवा दलाली देतात. ती रक्कम शेवटी तक्त्याच्या भावातच मिळविलेली असते. सुताराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्या मजुरीत घासाघीस करणारा ग्राहकच त्याला त्या वाटेवर ढकलतो. मजुरी पुरेशी ठरवावी आणि माल स्वतः खरेदी करावा, ही दोघांच्याही हिताची व्यवस्था आहे.

शिक्का आणि मोजपट्टी

केंद्र सरकारने प्लायवूडसाठी काढलेला गुणवत्ता नियंत्रण आदेश फेब्रुवारी 2025 मध्ये अमलात आला. त्यानुसार देशी उत्पादकाप्रमाणेच परदेशी गिरणीलाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना आवश्यक ठरला. या आदेशाला दोन बाजू आहेत. बनावट मालाला आळा बसण्याची शक्यता वाढली, ही एक. परवाना न घेतलेल्या परदेशी गिरण्यांची वाट बंद झाल्याने आयात बर्चच्या निवडीला मर्यादा येतात, ही दुसरी.

ग्राहकाच्या हाती मात्र एक साधन आले. आयएसआय चिन्हासोबत तक्त्यावर मानकाचा आणि परवान्याचा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर तो क्रमांक टाकला की परवाना कोणाच्या नावे आहे आणि चालू आहे की नाही, हे कळते. सर्वसाधारण प्लायसाठी आयएस 303 आणि मरीनसाठी आयएस 710 ही मानके आहेत. मरीन प्लायचा तुकडा 72 तास उकळूनही थर सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी असते. घरी 72 तास चूल पेटती ठेवणे शक्य नसले, तरी दुकानातून मिळालेला तुकडा काही तास उकळून पाहणे कोणालाही जमते. हलका डिंक तेवढ्यातच उघडा पडतो.

दुसरी कसोटी जाडीची. भारतीय मानकानुसार सहा मि.मी. आणि त्याहून जाड प्लायमध्ये पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. म्हणजे 18 मि.मी.चा तक्ता 17.1 मि.मी.हून पातळ असता कामा नये. 18 च्या नावाने 16 मि.मी.चा तक्ता गळ्यात पडला तर ग्राहकाला अकरा टक्के लाकूड कमी मिळालेले असते. ज्या शहरात व्हर्निअर कॅलिपर गल्लोगल्ली सापडतो, तेथे ही चूक क्षम्य म्हणता येत नाही. तिसरी कसोटी वजनाची. बर्चची घनता घनमीटरला साधारण 640 ते 700 किलो असते. त्या हिशेबाने आठ बाय चार फुटांचा 18 मि.मी. तक्ता 34 ते 38 किलो भरावा. तो पंचवीस किलोच भरला, तर पापुद्रा भूर्जाचा आणि गाभा पॉप्लरचा असल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

भावाचे गणित

बर्चचे तक्ते दोन आकारांत येतात. आठ बाय चारचा तक्ता 32 चौरस फूट भरतो, तर पाच बाय पाचचा 25. नगावर भाव ऐकून दुसरा स्वस्त वाटतो. चौरस फुटावर आणल्याखेरीज तुलना होत नाही. प्रतीचेही तसेच. बी, बीबी, सीपी, सी ही अक्षरे केवळ दोन बाहेरील पापुद्र्यांवरील गाठी आणि थिगळे सांगतात, मजबुती नव्हे. एकच बाजू दिसणार असेल तर दोन्ही बाजू उत्तम प्रतीच्या घेण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी फसगत बिलात होते. प्लायवूडवरील वस्तू व सेवा कर नोव्हेंबर 2017 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला. समजा, तक्त्याचा मूळ भाव 3200 रुपये आहे. करासह तो 3776 होतो. विक्रेता म्हणतो, 'बिल नको असेल तर 3400 द्या.' करनोंदणी असलेल्या आणि कराची वजावट घेणाऱ्या कार्यशाळेला 576 रुपयांचा कर परत मिळतो, म्हणजे तिचा खरा खर्च 3200 रुपयेच. बिलाविना 3400 देऊन ती दोनशे रुपये गमावते. घरमालकाचे गणित वेगळे आहे. त्याचे 376 रुपये वाचतात, पण त्या मोबदल्यात तो तक्रारीचा आपला पुरावा सोडून देतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार व्यापारी उद्देशाने घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून काम करणाऱ्याला ग्राहकाचे संरक्षण आहे. एकट्याने कार्यशाळा चालविणारा सुतार जिल्हा आयोगाचे दार ठोठावू शकतो, ही बाब फारशी परिचित नाही. पण त्यासाठी बिल हवे आणि बिलावर केवळ 'प्लाय, दहा नग' असून भागत नाही. जाडी, आकार, प्रत, मानक क्रमांक आणि गिरणीचे नाव लिहून घ्यावे लागते. जो विक्रेता हे लिहून देण्यास कचरतो, त्याने मालाबद्दलचे उत्तर तिथेच दिलेले असते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडमध्ये पाय रोवले, तेव्हापासून या पट्ट्याने देशाला मोजून काम करण्याची सवय लावली. येथे कामगाराच्या हातून निसटलेला एक मायक्रॉनही नोंदला जातो. तीच शिस्त संध्याकाळी घरच्या कपाटासाठी प्लाय घेताना पाळली, तर बाजाराला आपले मोजमाप सुधारावेच लागेल. प्रामाणिक विक्रेत्यालाही तेच हवे आहे. कारण अंदाजाच्या खरेदीत ग्राहकाबरोबर तोही हरतो. शेजारच्या दुकानातील पातळ तक्ता त्याच्या जाड तक्त्यापेक्षा नेहमीच स्वस्त असतो.