पटावरून : अर्ध्या गुणाची किंमत

मंडळी, शनिवार-रविवारच्या स्पर्धेहून मूल घरी आलं की आपला प्रश्न ठरलेला, "जिंकलास की हरलास?" 'बरोबरी' हे उत्तर आलं की आजी-आजोबांना फोनवर सांगताना आपलाच आवाज जरा खाली येतो. म्हणून या दिवाळीत एका बरोबरीचीच गोष्ट.

8 ऑक्टोबर 2000, लंडन, हॅमरस्मिथ. 1985 पासून जगज्जेता असलेला कास्पारोव्ह पांढऱ्या मोहऱ्यांनी बसला होता. समोर 25 वर्षांचा क्रामनिक. कास्पारोव्हने स्पॅनिश सुरुवात केली : राजापुढचं प्यादं, घोडा, मग उंट. क्रामनिकने तिसऱ्या चालीला राजाकडचा घोडा बाहेर काढला. हाच बर्लिन बचाव, एकोणिसाव्या शतकातला, तोवर जवळजवळ अडगळीत पडलेला.

आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर! काळ्या राजाला वजीर स्वतः मारावा लागतो, त्यामुळे त्याचा किल्लेकोट गेला. शिवाय एका रांगेत दोन प्यादी एकामागे एक अडकलेली. सगळे मोहरे मारामारीत संपले, तर नुसत्या प्याद्यांच्या लढाईत बहुधा पांढराच जिंकतो. मग काळ्याकडे उरतं काय? दोन्ही उंट, आणि आत शिरायला फट नसलेली तटबंदी. वजिराविना पांढऱ्याचा हल्ला पेटत नाही, आणि हल्ला हाच तर कास्पारोव्हचा प्राण! 25 चालींत डाव बरोबरीत सुटला.

क्रामनिकने हा बचाव त्या सामन्यात चारदा वापरला; चारही डाव बरोबरीत. लोक त्याला 'बर्लिनची भिंत' म्हणू लागले. पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने दोन डाव जिंकले, उरलेले तेरा बरोबरीत. 8½-6½ असा सामना जिंकून तो जगज्जेता झाला. कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंही तेच. जुलै 2025 मध्ये बाटुमीला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. मगच जलद डावांत तिने चषक आणि ग्रँडमास्टर किताब मिळवला.

तेव्हा पुढच्या रविवारी 'बरोबरी' ऐकलीत, तर एवढंच विचारा, "काळे होते की पांढरे? आणि समोर कोण होतं?" मग पट मांडायला सांगा. तो अर्धा गुण कसा राखला, हे मूल स्वतःच चाल-चाल करून दाखवील.

दिवाळीच्या शुभेच्छा!