एका फटक्याचं अंतर

मैत्रिणींनो, आमचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, वर्धेच्या काठचं. इथे गोल्फचं नाव काढलं तर कुणीही हसेल. पण मागच्या आठवड्यात आठवीच्या धड्यात हा शब्द आला आणि एका मुलीनं विचारलं, "बाई, पोरी बी खेळतेत काय हा खेळ?"

घरी येऊन वाचून काढलं. खेळ तसा सोपा. हातात काठी, समोर लहानसा कडक चेंडू आणि दूर हिरवळीवर, गोट्या खेळताना करतो तसा, एक खळगा. असे अठरा खळगे. ज्याचे फटके सगळ्यांत कमी, तो जिंकला. म्हणजे काटकसरीचाच खेळ की हो! शिवाय कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे मुरलेली सासू आणि नवशिकी सून बरोबरीनं खेळू शकतात.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. साहेबाबरोबर आपल्याकडे आला. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. साहेबांच्या बऱ्याच क्लबांत आपल्या लोकांना मज्जाव असे. म्हणून १९१८ साली मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, तो दोघांनाही खुला होता. चेंबूरचं मैदान १९२७ चं.

आणि बायका? स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला १८६७ मध्ये त्यांना एक वेगळं लहानसं मैदान मिळालं, चेंडू हळूच खळग्यात ढकलण्यापुरतं. बाईनं काठी खांद्याच्या वर उचलणं शोभत नाही, असं तेव्हा मानत! तिथल्या नामांकित क्लबानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते थेट २०१४ साली.

आता आपली अदिती अशोक पाहा. बंगळूरची मुलगी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. ब्राँझपदक एका फटक्यानं हुकलं. काठ्यांची जड पिशवी घेऊन तिच्यासोबत मैदानभर कोण चालत होतं, ठाऊक आहे? तिची आई!

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "पन बाई, आमाले मैदानच कोन देते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण माझ्याच घरी संध्याकाळी पाच वाजले की मुलगा बॅट घेऊन पळतो आणि मुलगी भांड्यांना बसते. मीच बसवते हो. जिनं स्वतः पत्र धाडून आपलं लग्न ठरवलं, तिच्या गावात राहून!

म्हणून आता पाच ते सहा हा लेकीचा वेळ. त्या तासात तिला हाक मारायची नाही, अगदी दूध आणायलासुद्धा नाही. भांडी दोघं मिळून नंतर घासतात. तुम्हीही करून पाहा. मैदान नसलं तरी अंगण आहे ना? जुन्या सहा वाट्या जमिनीत काठापर्यंत पुरा, एखादी बोथट काठी आणि रबरी चेंडू घ्या, प्रत्येकीचे फटके पाटीवर मांडा. जमलं तर तुम्हीही पदर खोचून उतरा. काठी खुशाल खांद्याच्या वर जाऊ द्या, फक्त खिडकीच्या काचा सांभाळा!

काल आमच्याकडे जेवणं अर्धा तास उशिरा झाली. कुणी उपाशी राहिलं नाही.