सही आहे, बाई कुठाय?

‘‘बाई, ही कशाची बैठक होती?’’ रजिस्टरातल्या सहीवर बोट ठेवून मी विचारलं.

‘‘काय की. सही करा म्हनले, केली. त्या दिशी तं मी सोयाबीन काढायला गेल्ते.’’

परभणी जिल्ह्यातलं गाव. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण हे एकाच गावाचं नाही. सही होती ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्य बाईची. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून या समित्या निघाल्या. निम्म्या तरी बाया हव्यात, असा नियम. वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी, म्हणजे गावानं बसून ठरवायचं नि खर्चायचं. कागद उत्तमच आहे. कागद नेहमीच उत्तम असतो.

पण बैठक सकाळी अकराला, ग्रामपंचायतीत. तेव्हा मजूर बाई रानात. रोज बुडवून आलीच, तर खुर्च्यांवर पुरुष आणि ही दाराशी. दिवाळीनंतर तर कितीतरी जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली. गावात ज्या बाया उरतच नाहीत, त्यांच्या बाळंतपणाचं कोण बोलणार?

आशाताईवर खापर फोडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. त्याची कागदं आरोग्य खात्यातच तपासली जातात. उपकेंद्र बंद असतं, असं तिनं कुणाच्या भरवशावर लिहायचं? जिची भाकरी साहेबाच्या सहीवर, तिलाच साहेबावर देखरेख करायला सांगायची, हा कुठला न्याय!

दुसरी वाटही महाराष्ट्रानंच पाहिली आहे. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. ‘साथी’सारख्या संस्था सोबत होत्या. गावानं आपल्या दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले आणि ते तक्ते जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांपुढे ठेवले. औषधं बाहेरून का आणायला लावता? पैसे का मागता? उत्तर चारचौघांत द्यावं लागलं. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानं आरोग्याच्या आखणीत लोकांचा सहभाग हा हक्क म्हटला, तो मला या सुनवाईत दिसतो, रजिस्टरात नाही. विचारणारी बाई ज्याला विचारते त्याची मिंधी नसावी, एवढी साधी अट आहे.

त्या गावात मी बायांना विचारलं, दहा हजारांचं काय केलं असतं? रजिस्टरात फिनेल नि खुर्च्या होत्या. बाया म्हणाल्या, पडदा. नर्सबाई पोटुशींना अंगणवाडीत तपासते. खोली एकच, लेकरं आत-बाहेर, दारात कुणी ना कुणी बाप्या उभा. आडवं व्हायची लाज वाटते, म्हणून बसल्या-बसल्याच तपासणी उरकते. पडदा आणि एक बाज. सगळं धरून किती खर्च येईल, सांगा!

पुढची बैठक रात्री साडेआठला ठेवायची ठरली आहे, भाकरी झाल्यावर. मारुतीच्या पारावर बाया बसत नाहीत, म्हणून अंगणवाडीच्या ओट्यावर. रजिस्टर तिथंच आणायचं, असं सरपंचांना सांगून आलोय.