चॅप्लिनची हिरॉईन म्हणे!

परवा घरी मूकपटांचा विषय निघाला. मी मेबल नॉर्मंडचं नाव घेतलं, तर मामा म्हणतो, "ती चॅप्लिनची हिरॉईन ना?" डोकंच फिरलं माझं!

अहो, १९१४ साली कीस्टोन स्टुडिओत चॅप्लिन नवखा होता आणि मेबल तिथली स्टार. ढगळ पॅंट, तोकडा कोट, काठी हा त्याचा अवतार कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा आला तो 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट'च्या शूटिंगला. दिग्दर्शिका कोण? मेबलच! पुढे 'मेबल ॲट द व्हील'ला हे महाशय तिचं ऐकेनात, रस्त्याकडेला बसून राहिले. एवढीशी पोरगी काय दिग्दर्शन करणार, ही शंका त्यांनी स्वतःच १९६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलीय.

१९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला. त्या संध्याकाळी मेबल त्याला भेटून गेली होती, एवढंच. तिच्यावर खटला कधीच झाला नाही, बदनामी मात्र झाली. १९३० साली ती क्षयाने गेली.

चॅप्लिन थोरच, वाद नाही. पण पुरुषाने हसवलं की तो कलावंत आणि बाईने हसवलं की ती कुणाची तरी हिरॉईन, हे कुठलं गणित?

असो. रविवारी मामाला तो सिनेमा दाखवणार आहे.